चूक झाली, चूक केली

प्रिय ऋषिकेश,

तुझा गुजरातचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्यासाठी परवा मुद्दाम पळसदरीला गेले होते. सोनाबाई काकी धरणाकडच्या वाफ्यात मिरचीला पाणी घालत होत्या. मला बघून त्यांनी कळशी खाली ठेवली, ओला हात लुगड्याला पुसला आणि माझा हात धरला. पत्ता कशाला हवा ते त्यांनी विचारलं नाही. "तिकडचं पाणी जड हाय म्हनतो गं, केस गळतात पोराचं," एवढंच बोलल्या. पोपटकाका ओट्यावर बसले होते, ते उठून आत गेले. मला त्यांचं वाईट वाटलं नाही. बाप माणूस, समोर बसून बोलणार तरी काय. निघताना काकींनी माझ्या पिशवीत ओंजळभर मिरच्या घातल्या. फोनवर त्याला काही बोलू नका, मी स्वतः लिहिते, असं त्यांना सांगून आले आहे. त्या पाळतील. त्या पाळणाऱ्यांतल्या आहेत.

क्लास चालू आहे. तीच कर्जतच्या बाजारातली झेरॉक्सवाल्याच्या वरची खोली, तोच हलणारा जिना. मुलं मात्र बदलली. आता शेलूच्या नव्या इमारतींतून मुली येतात, त्यांना मुंबईतल्या ऑफिसांत नोकरी हवी असते आणि त्या माझ्यापेक्षा फाडफाड बोलतात. फक्त लिहायला बसल्या की अडतात. त्यांतली रुचिता नावाची एक मुलगी अगदी तुझ्यासारखी आहे. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारत नाही. ती पुढे बसते आणि मी मागच्या भिंतीकडे बघून शिकवते.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा बी.एस्सी. झाला होतास, केमिस्ट्री घेऊन, मार्कही चांगले होते, आणि मुलाखतीत पुन्हा पुन्हा पडत होतास. जिन्यातच सांगायला लागलास, मॅडम, मी आज उशिरा का आलो असं साहेबानं विचारलं, मी म्हटलं 'बिग रेन इज कमिंग', तर तिघंही हसले. तू ते सांगताना हसत होतास, पण कान लाल झाले होते. मी तुला म्हटलं होतं, तुझं व्याकरण तितकं वाईट नाही. तुला शब्दांची सोयरीक ठाऊक नाही. इंग्रजीत पाऊस मोठा नसतो, 'हेवी' असतो. चहा 'स्ट्राँग' असतो, वाराही 'स्ट्राँग', पण पाऊस 'स्ट्राँग' म्हटलास की पुन्हा हसतील. तू विचारलंस, का? मी म्हटलं, का ते विचारू नकोस, आपल्याकडे तरी कुठे का असतं. आपण शपथ खातो, पीत नाही. हाक मारतो, गप्पा मारतो, विहिरीत सूर मारतो, आणि कुणालाच लागत नाही. झोप काढतो, दृष्ट काढतो, दिवसही काढतो. बाहेरचा माणूस 'मी शपथ केली' म्हणाला तर अर्थ कळतो, पण भात खाताना खडा लागावा तसं होतं. तुझ्या इंग्रजीत खडे आहेत, ते निवडू, एवढंच माझं म्हणणं होतं.

आणि आपण ते निवडले. होमवर्क 'डू', मिस्टेक 'मेक'. डिसिजन 'टेक' किंवा 'मेक', पण 'डू' कधीच नाही. लक्ष द्यायचं तर 'पे' अटेन्शन, म्हणजे पदरचं काहीतरी मोजायचं, हे तुला फार आवडलं होतं. खोटं 'टेल' करतात, 'से' करत नाहीत. वचन 'मेक' करायचं, मग ते 'कीप' करायचं नाहीतर 'ब्रेक'. प्रत्येक जोडीला स्वतःच्या घरातलं वाक्य करायचं असा माझा नियम होता. तू पोपटकाकांवर वाक्यं करायचास, गाईवर, धरणावर, शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांवर. वर्ग हसायचा. तुझ्याइतकं लवकर ते कुणाच्याच कानात बसलं नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

एक दिवस तू विचारलंस, मॅडम, मिस्टेक 'मेक' करतात आणि क्राइम 'कमिट', असं कसं? मी सांगितलं की मिस्टेक पोरंसोरंही करतात, माझ्याकडून होते, तुझ्याकडून होते. 'कमिट' शब्द जड आहे. तो गुन्ह्याशी जातो, खुनाशी जातो, पापाशी जातो. ज्यानं केलं त्यानंच केलं, त्याला पळायला वाट नाही, असं म्हणायचं असेल तर तो वापरायचा. मग तू विचारलंस, एरर 'कमिट' करता येते का? येते म्हटलं, पण जपून वापर, त्यात आरोप असतो. तू मान डोलावलीस. हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्या वर्षी इतका चांगला प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

मग क्लासपुरतं पुरेना म्हणून तू रविवारी आमच्या घरी यायला लागलास, एसटीनं खालापूरपर्यंत आणि पुढे चालत. मॅडमची वहिनी झाले, मिलिंद तुझे दादा झाले. पहिल्यांदा जेवलास तेव्हा सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. जेवून झाल्यावर खाली बघत म्हणालास, "वहिनी, घरी आईला नका सांगू, इथं जेवलो ते." मिलिंद हसले. म्हणाले, "आमाला सवय हाय रं. तू पोटभर जेव." त्यांच्या हसण्यात खरंच राग नव्हता. मला होता, पण मी तो गिळला. पोरगा लहान आहे, शिकेल, असं वाटलं. पुढे काकी स्वतः आमच्याकडे आल्या आणि चहा प्यायल्या, तो दिवस तुला नोकरी लागल्याचा होता.

नोकरी कुणी लावली ते मी लिहिणार नव्हते. दिलेलं बोलून दाखवू नये असं माझी सासू म्हणायची. पण आता लिहिते. पाताळगंगेकाठच्या त्या कंपनीत मिलिंद लग्नाआधीपासून ऑपरेटर होते. कधी कुणापुढे हात पसरला नाही, स्वतःच्या भावासाठीसुद्धा शब्द टाकला नाही. तुझ्यासाठी टाकला. गेटवरच्या माणसापासून साहेबाच्या केबिनपर्यंत स्वतः तुझ्याबरोबर चालत गेले. सेफ्टीच्या ऑफिसात तू चिकटलास आणि वर्षभरात साहेबांचे सगळे इंग्रजी रिपोर्ट तूच लिहायला लागलास. मिलिंद घरी येऊन सांगायचे, "आज मीटिंगमधी ऋषी असा बोलला, साहेब बघतच ऱ्हायला." स्वतःबद्दल त्यांनी असं कधी काही सांगितलं नाही. साहेबापुढे त्यांची जीभ वळायची नाही. इतकी वर्षं माझ्याशी संसार केला, पण माझ्याकडून इंग्रजीचं एक वाक्य शिकले नाहीत. लाज वाटायची त्यांना माझ्यासमोर चुकायची. साहेबापुढे बोलायचं ते काम तू करशील, असं त्यांनी धरलं होतं.

आता त्या रविवारचं लिहिते. तू विसरला असशील असं मला वाटत नाही, तरी लिहिते. दुपारची वेळ होती, आपण जेवून पडवीत बसलो होतो. मिलिंद म्हणाले, "ऋषी, तो खालचा वॉल्व्ह पास होतोय रं. मी बंद करतो, पन तो बंद होत नाय. आतून थोडं थोडं येतंच ऱ्हातं. फोरमनला सांगितलं, तो म्हनतो शटडाऊनला बघू. कुनीतरी लाईन उघडंल आणि मरंल एक दिवस. तू साहेबाला सांग, तुझ्या भाषेत सांग, मंग त्यास्नी कळंल." तू तिथल्या तिथे वाक्य जुळवलंस, मोठ्यानं म्हणून दाखवलंस. 'इमिजिएट अ‍ॅक्शन शुड बी टेकन.' माझ्याकडे बघितलंस, बरोबर आहे ना म्हणून. बरोबर होतं. मला बरं वाटलं, हेही लिहिते. आणि निघताना चप्पल घालता घालता तू म्हणालास, "दादा, उद्याच साहेबांच्या कानावर घालतो." मिलिंद त्या रात्री निवांत झोपले. कुणीतरी आपलं म्हणणं वर नेणार आहे, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यानंतर दिवाळी गेली. आणि मग जैतू गेला.

जैतूला तू फारसा ओळखत नव्हतास. ठेकेदाराचा माणूस, डोंगरावरच्या वाडीतला. पहाटे वाट उतरून यायचा. मिलिंदच्या डब्यातली भाजी त्याला फार आवडायची, म्हणून मी मूठभर जास्त करायचे. त्या दिवशी त्याच वॉल्व्हपुढची पाइपची लाईन धुवायची होती. मिलिंदनी वॉल्व्ह बंद केला, आपल्या हातानं केला, पुन्हा एकदा चाक फिरवून बघितलं. त्यांनी वर सांगितलेलं होतं, तू सांगितलेलं असणार होतं, मध्ये फिटर येऊन काहीतरी करूनही गेला होता, म्हणून त्यांना वाटलं आता तो नीट झाला. जैतूनं लाईन उघडली आणि आतला गॅस त्याच्या तोंडावर आला. बाकीचे वाऱ्याच्या उलट दिशेला पळाले. मिलिंद आत पळाले. जैतूला ओढून बाहेर आणला तेव्हा तो गेलेलाच होता, आणि मिलिंदनी तोवर जेवढा श्वास घेतला तेवढा त्यांच्या छातीला पुरला.

तू दवाखान्यात आलास. काचेतून त्यांना बघून रडलास, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मी तुला तेव्हाच विचारायला हवं होतं, असं पुढे मला कितीदा वाटलं. पण ज्याचा माणूस काचेच्या पलीकडे असतो त्याला प्रश्न सुचत नाहीत.

मग कंपनीनं दोन्ही घरच्यांना बोलावलं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, चहा आणि बिस्किटं ठेवली होती. मागे मोठे साहेब, पुढे तू, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. जैतूची बायको चिंधी माझ्या शेजारी बसली होती. तिनं खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकून घेतलं होतं, पूर्ण बसायला भीत होती. तू आधी रिपोर्ट इंग्रजीत वाचलास. 'द ऑपरेटर कमिटेड अ सीरियस एरर, व्हिच कॉज्ड द डेथ ऑफ अ कॉन्ट्रॅक्ट वर्कर.' तुझा उच्चार सुंदर होता, कुठे अडखळला नाहीस. पुढे 'ह्यूमन एरर' आलं, पुन्हा एकदा आलं. वॉल्व्ह हा शब्द एकदाही आला नाही. मग तू कागद खाली केलास आणि आमच्याकडे बघून मराठीत सांगितलंस, "त्या दिवशी एक चूक झाली आणि दुर्दैवानं आपला एक माणूस गेला. कंपनीला फार दुःख आहे."

मराठीत चूक झाली. आपोआप, कुणाचीच नाही, पावसाची सर यावी तशी. इंग्रजीत मिलिंदनी ती केली. नुसती केलीसुद्धा नाही. 'मेक' लिहिता आलं असतं तुला. साधा शब्द आहे, कंपनीतल्या शिपायालाही येतो, आणि साहेबांनी काही तो खोडला नसता, कारण साहेबांना दोन्ही सारखेच. त्या अख्ख्या कॅन्टीनमध्ये 'मेक' आणि 'कमिट' यांतला फरक कळणारी दोनच माणसं होती. एकानं तो निवडून लिहिला होता आणि दुसरी समोर बसली होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "ऋषिकेश, तू वाचलंस ते आणि आत्ता सांगितलंस ते एक नाही. या बाईला खरं काय ते सांग. मिलिंदनी वॉल्व्हबद्दल सांगितलं होतं की नाही, तेही सांग." तू माझ्याकडे बघितलं नाहीस, माझ्या मागच्या भिंतीकडे बघितलंस. म्हणालास, "वहिनी, इंग्रजीत असंच लिहितात. ती फॉर्मल भाषा असते. शब्दांवर नका जाऊ." मागून साहेबांनी विचारलं, "एनी प्रॉब्लेम?" आणि तू वळून म्हणालास, "नो सर. शी इज अंडर स्ट्रेस." वाक्य अचूक होतं.

मग रिपोर्ट मान्य असल्याच्या कागदावर सह्या मागितल्या, मी सही केली नाही. चिंधीचा अंगठा मात्र ठेकेदारानं हातात धरून उठवला, मी तिला थांबवेपर्यंत उठलाही. कशावर उठवला ते तिला पुढच्या आठवड्यात कळलं, त्या ठेकेदाराकडूनच. साहेबांच्या कागदात लिहिलंय, मिलिंदनं कॉक नीट बंद केला नाही म्हणून तुझा माणूस मेला, आणि तू ते मान्य केलंयस, असं त्यानं तिला सांगितलं. ती डोंगर उतरून आमच्या दारात आली. मिलिंदना नुकतं घरी आणलं होतं, नाकाला नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन. तिनं आत बघितलं आणि म्हणाली, "याच्या डब्यातला घास खायचा तो. यानंच मारला." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सांगायला गेले, तर म्हणाली, "तुमी शिकलेल्या बाया. कागदात एक, तोंडात एक. मला नको सांगू काय." आणि निघून गेली. मिलिंदनी सगळं ऐकलं. त्या दिवसापासून ते जेवताना पहिला घास बाजूला काढून ठेवायला लागले. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

गावातही मग तेच फिरलं. चिंधीचं मी समजू शकते. पण आमच्या विहारात मिलिंदच्या शेजारी बसणारी माणसंही म्हणायला लागली, "कंपनी उगाच कशाला लिहील?" इंग्रजीत लिहिलेलं खोटं नसतं, असं आपल्या लोकांना अजून वाटतं. मीच ते वाटायला लावते, रोज, फळ्यावर. दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. मनोज भावजी, मिलिंदचा सख्खा भाऊ, तोसुद्धा एकदा विचारून बसला, "वहिनी, खरं सांग, दादाकडून काय ऱ्हायलं होतं का?" मी त्याला घराबाहेर काढलं.

सरकारी चौकशीचा अधिकारी घरी आला होता, हे तुला कळलं असेल. तेव्हा मिलिंदना बोलताना धाप लागायची, एकेक वाक्य तोडून तोडून यायचं. त्यांनी वॉल्व्हचं सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "फोरमन नाही म्हणतो. मग सांगितलं कुणाला? नाव सांगा." मी दारात उभी होते. माझ्या जिभेवर तुझं नाव होतं. मिलिंदनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आठवत नाय साहेब." तो माणूस वाईट नव्हता. त्यानं पुन्हा एकदा विचारलं, मग लिहून घेऊन गेला. त्याच्या मागोमाग मी त्यांच्यावर तुटून पडले. आजारी माणसावर कुणी ओरडू नये इतकी ओरडले. तुमचं नाव खुनी म्हणून लागलंय आणि तुम्ही त्याला झाकताय? ते म्हणाले, "त्यानं सांगितलं बी असंल गं. वरच्यांनी दाबलं असंल. त्याच्या घरात पगार आनणारा तो पयला. माझं तर झालंच, त्याचं कशाला घालवायचं." मी म्हटलं, आणि नसेलच सांगितलं तर? त्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "मी हाय तोवर तू त्याचं नाव घ्यायचं नाय. शब्द दे." मी दिला. मनातून दिला नाही, पण दिला.

ते तेव्हा तुझी वाट बघत होते, हे तुला कळायला हवं. रविवार आला की दाराकडे तोंड करून झोपायचे. तू आला नाहीस. तुला बढती मिळाल्याचं आणि गुजरातच्या प्लँटला गेल्याचं आम्हाला कंपनीच्या बसचा ड्रायव्हर सांगून गेला. मग एक दिवस त्यांच्या फोनवर तुझा मेसेज आला. 'विशिंग यू अ स्पीडी रिकव्हरी.' त्यांनी फोन माझ्याकडे दिला, "काय लिवलंय ऋषीनं?" मी सांगितलं, लवकर बरे व्हा म्हणतोय. "आनखी?" आणखी काही नाही. त्यांना खरं वाटेना. म्हणाले, "एवढं इंग्रजी येतं त्याला, आनखी कायतरी असंल, नीट वाच." मी पुन्हा वाचलं. ते शब्द एकमेकांशेजारी कायमचे छापल्यासारखे असतात, दुकानातल्या कार्डावर असतात, ते पाठवायला माणूस ओळखीचासुद्धा असावा लागत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, दादांची आठवण येते म्हणतोय. आयुष्यात त्यांच्याशी खोटं बोलले ते तेवढंच, आणि तेही तुझ्यासाठी.

मी तुला तेव्हाच लिहिणार होते. लिहिलं नाही, कारण शब्द दिला होता, आणि मिलिंदना कळलं असतं तर त्यांचा जीव आणखी तुटला असता. शिवाय वाटायचं, तू स्वतःहून येशील. दादा, मी सांगितलं होतं पण त्यांनी ऐकलं नाही, असं म्हणशील. किंवा म्हणशील, दादा, राहून गेलं, भीती वाटली, साहेबांचा मूड नव्हता. काहीही म्हटलं असतंस तरी त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला असता. मी ठेवला नसता. पण माझा प्रश्नच नव्हता.

ऋषिकेश, मिलिंद गेले. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी, मी चहा गाळत असताना. मशीन चालूच होतं, म्हणून मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावरही मी ते बराच वेळ बंद केलं नाही. कंपनीतून कुणी तुला कळवलं असेल, नसेलही. मला ते तुला मीच सांगायचं होतं. त्यांना दिलेला शब्द मी ते होते तोवर पाळला. काल चौकशीच्या ऑफिसात जाऊन जबाब दिला. तो रविवार, ती पडवी, मिलिंद काय म्हणाले, तू काय म्हणालास, सगळं सांगितलं, तुझ्या पूर्ण नावानं. तू साहेबांना सांगितलंस की नाही ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही असंच मी लिहून दिलं. ते फक्त तुला ठाऊक आहे. तुला बोलावणं येईल तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण त्याआधी, येत्या रविवारी सकाळी आमच्या विहारात मिलिंदच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन आहे. मी वाडीवर जाऊन चिंधीला आमंत्रण दिलं. ती म्हणाली, "कागद वाचला तो पोऱ्या येऊन माझ्यासमोर बोलंल तर मी येईन, नायतर नाय." मी म्हटलं, त्याला कळवते, तू ये. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, मग 'येते' म्हणाली. तेव्हा ये, आणि जे खरं असेल ते तिला कळेल अशा भाषेत सांग. रजा मिळत नाही, गाडीचं तिकीट मिळत नाही, असं काही लिहू नकोस, आणि मेसेज तर पाठवूच नकोस. नाही आलास तर त्या दिवशी सगळे उठून गेल्यावर मी आणि चिंधी दोघीच बसून राहू, आणि मग तिनं आज जे मानलंय तेच या भागात तुझ्या दादांबद्दल कायम राहील.

ज्या घरात तू जेवलास त्या घरची,
अपेक्षा